टिकलीला खाली सोडण्यापूर्वीची चाचणी

टिकलीला एकटीने मैदानावर पाठवायचं की नाही, यावर तिच्या घरात दीड वर्ष विचार चालला होता. टिकली नऊ वर्षांची. घर चौथ्या मजल्यावर, मैदान गल्लीच्या टोकाला, मधे एक वळण आणि एक रस्ता. एवढ्या काळात लोक घर बांधून, त्यात भांडून, ते विकूनही मोकळे होतात. पण टिकलीच्या बाबांचा विचार काही पिकत नव्हता.

याला कारण त्यांची नोकरी. बाबा लिफ्ट तपासनीस होते. नवी लिफ्ट सुरू करायची तर आधी तिच्यात लोखंडी वजनं ठेवून ती वरखाली फिरवायची आणि सगळं ठीक निघालं तरच माणसाला आत पाऊल टाकू द्यायचं, हा त्यांचा वीस वर्षांचा नेम. "आधी वजन, मग माणूस," असं ते इतक्या वेळा म्हणत, की टिकलीच्या आईने दुसऱ्या शहरातली नोकरी धरली ती याच वाक्याला कंटाळून, अशी शेजाऱ्यांना शंका होती. आई महिन्यातून दोनदा यायची. एरवी शाळा सुटल्यावर घरात टिकली आणि तिचा चेंडू. ती तो भिंतीवर मारायची. शेजारून तक्रार आल्यावर नुसता वर टाकून झेलू लागली.

"बाबा, आज मी चारशे बारा झेल घेतले," तिने एकदा सांगितलं.

"शाब्बास!"

"शाब्बास काय? खेळायला कोणी असतं तर इतके मिळाले असते का?"

बाबांना त्या रात्री जेवण गेलं नाही. आईने फोनवर सुनावलं, "अरे, पाठव तिला. आपण नव्हतो का जात?"

"तेव्हाची गोष्ट वेगळी होती."

"काय वेगळी होती?"

"तेव्हा मी तपासनीस नव्हतो."

शेवटी एका शनिवारी दुपारी बाबांनी चाचणी घ्यायचं ठरवलं. वजन काही आपल्या पायाने मैदानावर जात नाही, म्हणून टिकलीच्या जागी स्वतःच जायचं. त्यांनी टेप लावून तिची उंची मोजली. एकशे सव्वीस सेंटिमीटर.

"तुझ्या उंचीवरून रस्ता कसा दिसतो ते बघून येतो. सगळं ठीक असलं तर आजपासून रोज तू एकटी खाली. नसलं तर पुढच्या वर्षी बघू."

"पुढच्या वर्षी माझी उंची वाढेल."

"मग पुन्हा मोजू."

टिकली चेंडू मांडीवर घेऊन दाराशी बसली.

बाबा गुडघ्यात वाकून, मान खाली घालून गल्लीतून निघाले. उभ्या गाड्यांमागून डोकं काढून बघत, वहीत टिपत, ते मैदानावर पोचले. मैदान रिकामं होतं. झोपाळे होते, घसरगुंडी होती, फक्त मुलं नव्हती. लपाछपी खेळताना मूल झुडपामागे गेलं तर दिसेल का, हे पाहायला बाबा झुडपात शिरले. नेमक्या त्याच वेळी वसाहतीतल्या, शाळेत कवायत शिकवून निवृत्त झालेल्या बाई फेरफटका मारत तिथे आल्या.

"ओ! झुडपात काय करताय?"

"चाचणी."

"कसली?"

"लहान मुलीची."

उत्तर शंभर टक्के खरं होतं. पण काही खरी उत्तरं झुडपातून देऊ नयेत. बाईंनी एका हाताने बाबांची कॉलर धरली आणि दुसऱ्या हाताने त्यांचा फोटो काढून वसाहतीच्या ग्रुपवर टाकला. पाच मिनिटांत आठ जण धावत आले. त्या मैदानावर एवढी गर्दी कित्येक वर्षांत झाली नव्हती.

"अहो, माझीच मुलगी आहे!" बाबा कळवळून म्हणाले.

"कुठेय मग?" त्यांतल्या दातांच्या डॉक्टरांनी विचारलं.

"घरी."

"कोणाबरोबर?"

"एकटीच."

"लहान पोर घरात एकटं टाकून तुम्ही इथे झुडपात बसता?" डॉक्टर कडाडले. "घरात गॅस असतो, वीज असते, खिडक्या असतात! मी माझ्या मुलाला दात घासायलासुद्धा एकटं सोडत नाही."

"मग आत्ता तो कोणाजवळ आहे?" बाईंनी विचारलं. बाईंची शिस्त सगळ्यांना सारखी होती.

डॉक्टर आपल्या इमारतीकडे बघू लागले. बाकीचे सात जण आपापल्या चपला न्याहाळू लागले. सगळेच मुलांना घरात तसंच टाकून धावले होते.

इतक्यात मागून आवाज आला, "बाबा, तू हरवलास का?"

टिकली उभी होती. पाऊण तास वाट बघून ती बापाला शोधायला निघाली होती.

"हे तुझेच बाबा का गं?" बाईंनी विचारलं.

"हो. सोडा त्यांना. ते असे एकटे कधी बाहेर पडत नाहीत."

"तू कोणाबरोबर आलीस?" बाबांनी घाबरून विचारलं.

"कोणाबरोबर येणार? घरात होतं कोण?"

"आणि रस्ता?"

"दोन्हीकडे बघितलं आणि ओलांडला."

बाबांनी निमूटपणे वही मिटली. टिकलीला परवानगी मिळाली.

"तुमच्या मुलांनाही पाठवा ना," ती त्या आठ जणांना म्हणाली.

"पाठवलं असतं गं," डॉक्टर म्हणाले, "पण खाली कोणीच नसतं."

"मी आहे ना!"

डॉक्टरांनी फोनमध्ये पाहिलं. "बुधवारी पाच ते पाच वीस आमचा मुलगा मोकळा आहे. विचारून कळवतो." आणि सगळे आपापल्या पोरांच्या काळजीने घराकडे पळाले. बाई फेरफटका पुरा करायला गेल्या. टिकलीने बाबांनाही घरी पिटाळलं.

बाबा मैदान दिसेल अशा खिडकीत उभे राहिले. खाली टिकलीने चेंडू लांब फेकला आणि स्वतःच जाऊन आणला. चार-पाच वेळा असं करून ती कंटाळली. मग तिने झाडाला तोंड लावून, डोळे झाकून आकडे मोजले. मोजून झाल्यावर ती वळली. सगळं मैदान तिने नीट शोधलं, झुडपामागे पाहिलं, घसरगुंडीखाली पाहिलं. लपलेलं कोणी नव्हतंच. तरी ती शोधत राहिली.  बाबा तडक खाली गेले.

"मला खेळायला घेतेस?"

"राखण करायला आलास की खेळायला?"

"खेळायला."

"मग राज्य तुझ्यावर!" म्हणून टिकली सुसाट पळाली आणि बाबा तिच्या मागे.

दोन मिनिटांत कोणीतरी ग्रुपवर लिहिलं, "मैदानावर मोठा माणूस एका मुलीमागे धावतोय! लगेच खाली या!" पुन्हा सगळे धावले. पण बाईंचा मघाचा प्रश्न प्रत्येकाच्या मनाला लागला होता. या वेळी मुलाला घरी एकटं ठेवायची कोणाची छाती झाली नाही. जो तो आपल्या पोराचं मनगट घट्ट धरूनच आला. अकरा मुलं आली.

"तुम्हीच? पुन्हा?" डॉक्टर ओरडले.

"अहो, तिनेच राज्य दिलंय मला!"

मग कोणी हात नाचवून बोलू लागलं, कोणी बोट रोखून. दोन्ही हात लागतील असंच ते भांडण होतं, त्यामुळे मनगटं सुटली. मुलं क्षणभर एकमेकांकडे बघत उभी राहिली. शेजारशेजारच्या घरांत राहून त्यांनी एकमेकांना धड पाहिलेलं नव्हतं.

"येता?" टिकलीने विचारलं.

भांडण संपलं तेव्हा मोठ्यांच्या हाताशी एकही मूल उरलं नव्हतं. मैदानभर आरडाओरडा चालला होता. बाबा धापा टाकत मधे शिरले.

"अगं, राज्य अजून माझ्यावरच आहे ना?"

"बाबा, तू जा ना घरी," टिकली पळता पळताच म्हणाली. "मोठ्यांना नाही घेत."

बाबा निघाले. मधल्या रस्त्याशी येऊन त्यांनी सवयीने उजवा हात बाजूला धरला. धरायला कोणी नव्हतं. रस्त्यावर एकही गाडी नव्हती, तरी ते बराच वेळ कडेलाच उभे राहिले.