शिरसाठकाकांचा काटकोन

शिरसाठकाकांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला त्यांच्या बुटांचे फक्त तळ दिसले. आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये आम्ही त्याच दिवशी राहायला आलो होतो. ट्रकमधून कपाट उतरत होतं आणि जिन्यासमोरच्या हिरवळीवर एक गृहस्थ पालथे पडले होते. मला वाटलं, चक्कर आली. मी धावत गेलो.

"अंकल, आप ठीक तो हैं?"

"ठीक आहे. तुमची सावली तेवढी बाजूला घ्या," खालून मराठीत उत्तर आलं.

"अच्छा, तुम्ही मराठी? पण मी मराठी आहे हे कसं कळलं?"

"मघाशी कपाटाला 'अगं जपून' असं कोण ओरडलं? या, खाली या. उभ्याउभ्या काही दिसत नाही."

मी नव्या जागेच्या पहिल्या दिवशी, नव्या शेजाऱ्यांदेखत, पँट मळवत गवतावर आडवा झालो. समोर एक मुंगळा टोस्टचा तुकडा ओढत होता. काका त्याचा फोटो काढत होते. माझं कपाट तोवर वरच्या जिन्यात अडकलं होतं.

प्रभाकर येशुदास शिरसाठ. मूळचे नगरचे, वय अठ्ठावन्न, एका मंत्रालयात अंडर सेक्रेटरी. लग्न केलं नव्हतं. तळमजल्यावर एकटे राहायचे. आम्ही त्यांच्या डोक्यावर, पहिल्या मजल्यावर. सोमवार ते शुक्रवार हा माणूस इस्त्रीच्या शर्टात ताठ चालायचा आणि शनिवार-रविवारी जमिनीवरून उठायचा नाही.

जमिनीवर पडून फोटो काढणं हा त्यांचा छंद होता असं म्हणणं अपुरं ठरेल. खरा छंद होता, जमिनीवर आरामात कसं पडावं हा. "पाटणकर," ते मला म्हणायचे, "गुडघा हा विषय पेंडिंग ठेवायचा नाही. आज दुर्लक्ष केलंत, की पंधरा वर्षांनी तो रिमाइंडर पाठवतो." म्हणून त्यांच्या गुडघ्यांना स्केटिंग करणाऱ्या मुलांचे पॅड असायचे. पोटाखाली योगासनांच्या चटईचा कापलेला तुकडा. कोपरांखाली आणि कॅमेऱ्याखाली त्यांनी स्वतः शिवलेल्या जाड कापडाच्या उशा, आत राजमा भरलेला. या राजम्यापर्यंत ते पुष्कळ प्रयोगांनंतर पोचले होते. "तांदूळ घसरतो. चणा कुरकुरतो. राजमा बिल्कुल हलत नाही. आधार द्यावा तर राजम्याने."

आमची ईरा तेव्हा नऊ वर्षांची. दिल्लीत जन्मलेली. काका तिला म्हणाले, "कोपर टेक." तिने गुडघा टेकला. मग काकांनी तिला अर्धा तास कोपर, ढोपर, घोटा आणि पोटरी शिकवली. आमच्या घरात शरीराचे एवढे मराठी भाग आहेत हे मलाही तेव्हाच कळलं.

पण त्यांचा खरा जीव होता तो काटकोनात. कॅमेऱ्याला जिथे डोळा लावतात तिथे बसवायची एक वाकडी नळी असते. आत आरसा. कॅमेरा जमिनीला टेकवून समोर रोखायचा आणि आपण वरून, मान खाली घालून नळीत बघायचं. समोरचं सगळं दिसतं. गाल मातीत घासावा लागत नाही. काका तिला काटकोन म्हणायचे आणि मऊ पायमोज्यात गुंडाळून ठेवायचे. मी एकदा म्हटलं, "काका, आता उलटसुलट वळणारे पडदे असलेले कॅमेरे मिळतात. घेऊन टाका ना यार एक."

"उन्हात त्या पडद्यात मला माझंच नाक दिसतं," ते म्हणाले. "आणि माझं नाक मी पाहिलेलं आहे."

नाकावरून आठवलं. कस्तुरबा गांधी मार्गावरच्या अतिथिगृहात आमच्या मराठी मंडळींचं स्नेहसंमेलन होतं आणि फोटोंची जबाबदारी मी काकांवर टाकली. काका पूर्ण कार्यक्रमभर सतरंजीवर होते. फोटो आले. पाहुण्यांच्या नाकपुड्या, अध्यक्षांच्या हनुवटीची खालची बाजू, समईच्या जागी समईचा पाय. मला फार बोलणी खावी लागली. मी ते फोटो ऑफिसात, जिन्यात, जिथे जमेल तिथे दाखवून लोकांना हसवलं. त्याच फोटोंत पहिल्या रांगेत मांडी घालून बसलेली मुलं होती, लाडू खाताना, एकमेकांच्या कानात बोलताना. असे फोटो मी आजवर पाहिले नाहीत. ते मात्र मी कुणाला दाखवले नाहीत. त्यात हसण्यासारखं काही नव्हतं.

आता जे सांगायचं आहे ते सांगतो. बराच वेळ टाळलं.

त्या वर्षी मार्चमधल्या एका शनिवारी दुपारी मी ऑफिसातून मेट्रोने परतत होतो. बरोबर खुराना साहेब होते. माझ्या कामाचा वर्षाचा अहवाल त्यांच्याच हातून जायचा होता आणि ते पहिल्यांदाच आमच्याकडे चहाला येत होते. स्टेशनच्या गेटबाहेर गर्दी जमली होती. मधोमध शिरसाठकाका उभे. शर्टाला धूळ, गुडघ्यांवर ते पॅड, आणि एका तगड्या माणसाने त्यांची कॉलर धरलेली.

काय झालं ते ओरडण्यातून कळत होतं. गेटजवळ एक बाई झेंडूची टोपली घेऊन बसते. काका फुटपाथवर बसून त्या टोपलीचा फोटो घेत होते, आणि टोपलीमागून लोकांचे, बायकांचे पाय जात होते. कॉलेजातल्या एका मुलीला वाटलं, हा म्हातारा खालून भलतेच फोटो काढतोय. ती घाबरून ओरडली. मग काटकोन लोकांच्या हाती लागला.

"इसमें शीशा लगा है! देखता नीचे है, फोटो सामने का लेता है! छुप के!"

काका काहीतरी समजावत होते. पण गुडघ्याला पॅड बांधलेल्या माणसाचं कोण ऐकतं? तेवढ्यात त्यांना मी दिसलो. त्यांचा चेहरा एकदम सुटला. ते हसलेच. माझ्याकडे बोट करून म्हणाले, "इनसे पूछिए. ये मुझे जानते हैं."

सगळे माझ्याकडे वळले. खुराना साहेबही. "पाटणकर, तुम जानते हो इसको?"

मी म्हणालो, "नहीं सर. बस, कॉलोनी में देखा है."

एवढं बोलून मी साहेबांना बाजूने काढून रिक्षात बसवलं. मागे वळून पाहिलं नाही. घरी माझ्या बायकोने, मेधाने, कांदेपोहे केले होते. साहेबांनी दोनदा मागून घेतले.

पुढचं मला झेंडूवालीने सांगितलं, दोन दिवसांनी. पोलीस आला. त्या मुलीनेच कॅमेरा हातात घेऊन एकेक फोटो पाहिला. झेंडू, कबुतर, रिक्षाचं चाक, डबक्यातलं आभाळ. बाईमाणूस एकही नाही. मुलगी रडायला लागली, सॉरी अंकल म्हणाली. काका तिला म्हणाले, "तू ओरडलीस हे बरोबर केलंस. अशीच ओरडत जा." मग त्यांनी जमिनीवरून काटकोन उचलला. त्यातला आरसा फुटला होता.

त्यानंतर तीन आठवडे मी चोरासारखा राहिलो. दाराशी कान लावायचो, खाली त्यांच्या कुलपाचा आवाज झाला की मगच जिना उतरायचो. मेधाने विचारलं, "काकांशी काही बिनसलंय का?" मी म्हणालो, "छे, कामं आहेत." नऊ वर्षांच्या मुलीला मी खरं बोलायला शिकवत होतो त्याच काळात.

मग एका रविवारी सकाळी दाराची घंटा वाजली. शिरसाठकाका. इस्त्रीचा शर्ट.

"पाटणकर, तुमची गाडी आहे. जरा निझामुद्दीन स्टेशनला यावं लागेल. बहीण येतेय नगरहून."

माफीची सगळी वाक्यं मला पाठ होती. मी चपला घातल्या.

गाडी आली. काका डब्याच्या दारात उभे राहिले, आणि दोन प्रवाशांनी आधी एक चाकं लावलेली फळी खाली दिली, मग एका पन्नाशीच्या बाईंना अलगद उचलून तिच्यावर बसवलं. दोन्ही पाय लहानपणीच्या पोलिओने गेलेले. बाईंनी हातांनी जमीन रेटून फळी वळवली आणि माझ्याकडे मान वर करून पाहिलं.

"ही रूथ, माझी धाकटी," काका म्हणाले.

त्या गर्दीत रूथताई जिथे बसल्या होत्या तिथून काय दिसत असेल, हे मला त्या क्षणी कळलं. पाय, पिशव्या, चाकं, आणि लहान मुलांचे चेहरे.

गाडीत काका पुढे बसले, त्या मागे. बोलक्या होत्या. "दादा आधी मला इंडिया गेटचे वगैरे फोटो पाठवायचा. मी कळवलं, बाबा रे, ही उभ्या माणसांची दिल्ली झाली. मी आले तर मला कुठली दिसेल, ती पाठव. तेव्हापासून हा रांगतोय." त्या खळखळून हसल्या. "दर महिन्याला पाकीट येतं. शेजारपाजारची पोरं जमतात बघायला."

मी काकांकडे पाहिलं. ते समोरच्या बसचा नंबर वाचत होते. हे त्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी मेट्रोपाशी नुसतं बहिणीचं नाव घेतलं असतं तरी लोक शांत झाले असते. तिथेही त्यांनी ते काढलं नव्हतं.

"आणि तुम्हीच ना पाटणकर?" रूथताई पुढे झुकल्या. "दादाच्या पत्रात सारखे असता तुम्ही. दिल्लीत मला एक तरी माणूस आहे म्हणतो. त्या दिवशी लोकांनी त्याला धरलं, तेव्हा तुम्ही मधे पडलात म्हणून सुटला. मी प्रार्थनेत तुमचं नाव घेते हो रोज."

सिग्नल लाल होता. "ताई, मी तिथे..." मी कसाबसा म्हणालो, "मी तसं काही..."

"लाजतात ते," काका म्हणाले. अजून समोरच बघत होते.

"लाजायचं काय त्यात? काय म्हणालात हो तुम्ही त्या लोकांना?"

काकांनीच उत्तर दिलं, अगदी हळू, जणू त्यांनाही ते ऐकायचं होतं.

"म्हणाले, ये हमारे काका हैं. बस, एवढंच."

मागून हॉर्न वाजायला लागले. सिग्नल कधीच हिरवा झाला होता आणि मला पुढचा रस्ता नीट दिसत नव्हता.