परळच्या चाळीतला निर्भयतेचा पाठ

भुतांवर माझा काडीचाही विश्वास नाही! सत्तावन्न सालीसुद्धा मी हे असंच छातीठोकपणे सांगत होतो, म्हणून तर पुढचं सगळं घडलं.

तेव्हा दादरला आमचं एक शिबिर होतं. तरुणांनी आपल्याच वयाच्या तरुणांना शिकवायचं, आणि ते कसं हे राजलक्ष्मीबाई आम्हाला शिकवायच्या. शेवटी प्रत्येकानं एका चाळीत पाठ घ्यायचा. बाई येऊन ऐकणार. पसंत पडला, तर प्रमाणपत्र आणि गिरगावातलं नवं केंद्र चालवायला मिळणार! माझ्या चिठ्ठीत विषय निघाला, 'भुताखेतांची भीती'. मी हसलोच! शिवाजी पार्कवर संयुक्त महाराष्ट्राच्या घोषणा देऊन देऊन आवाजही खणखणीत झाला होता. घरी, आमच्या सगळ्या फणसवाडीला सांगून टाकलं, "केंद्र आलंच समजा!"

दुपारी साडेचारला परळच्या चाळीत पोचलो. खाली पोरांचा दंगा होता, पण तिसऱ्या मजल्यावर चिटपाखरू नाही. जिन्याच्या तोंडाशी एक म्हातारी तांदूळ निवडत बसली होती. तिनं ओठांवर बोट ठेवलं आणि शेवटच्या खोलीकडे हात केला.

"जा. पण त्यांना उठवू नको हां."

कुणाला? मी विचारेपर्यंत तिनं मान खाली घातली होती.

दार ढकललं. खिडक्या गच्च बंद. आत काळोख आणि तेलाचा वास. डोळे सरावले तेव्हा जमिनीवर एका ओळीत सात माणसं दिसली. डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या चादरी! कुणीही हलत नव्हतं.

त्यांच्यापलीकडे, भिंतीला टेकून, दहा जण बसलेले. तोंडं वीस-बावीस वर्षांची, पण केस पांढरे, भुवया पांढऱ्या! दहाही जण माझ्याकडे टक लावून बघत होते. मधल्यानं तोंड उघडलं, ओठ हलवले, पण शब्द नाही! मग दुसऱ्याचे ओठ हलले, तिसऱ्याचे हलले. बोटं हवेत नाचली. सगळे हसले, तेही आवाजाशिवाय!

मला वाटलं, माझे कान गेले. कानाशी चुटकी वाजवून पाहिली. ऐकू आली! मग तर मी पुरता गारठलो.

पाठ सुरू करायला हवा होता. चादरींच्या कडेकडेनं कसाबसा त्या दहा जणांपुढे गेलो, पण आवाज केव्हाच पळाला होता. भिंतीसारखा उभा राहून मी मनातल्या मनात देवाचा धावा सुरू केला. दहा जण माझ्या तोंडाकडे एकटक बघत होते.

हळूच एक पाऊल मागे घेतलं. तेवढ्यात अंधारातून एका हातानं माझा पाय धरला.

"मेलो!"

घोषणांचा सगळा सराव त्या एका शब्दात उतरला. आणि जमिनीवरच्या सातही चादरी एकदम ताड्‌कन उठून बसल्या! मी दाराकडे धावलो, तो थेट राजलक्ष्मीबाईंवर आदळलो.

"कोण रे तो बोंबलता?" एका चादरीतून मालवणी आवाज आला.

पाय धरणारा तरुण पुढे आला. त्याचं नाव राजाराम. "बाई, ही रातपाळीवाली माणसं झोपलीत. हा भिवाच्या डोक्यावर पाय देत होता, म्हणून धरला. आम्ही आताच पाळी सुटून आलो, अजून डोक्यातला कापूससुद्धा झाडला नाय. गिरणीत साच्यांच्या खडखडाटात ऐकू येत नाय, म्हणून आम्ही ओठांवरनंच बोलतो. झोपमोड नको म्हणून इथंही तसंच."

बाई माझ्याकडे वळल्या. "आणि ती किंकाळी?"

मी सावरलो. "भीती म्हणजे काय, ते आधी अभिनय करून दाखवलं, बाई!"

"वा! नवीन पद्धत आहे!" बाईंनी खूश होऊन पेन उघडलं. माझा जीव भांड्यात पडला.

"बाई, एक विचारू?" राजाराम म्हणाला. "ओरडायच्या आधी हा उभ्या उभ्या जे बोलला, ते काय आम्हाला समजलं नाय."

"काय बोलला?"

"म्हणाला, 'देवा, एवढ्या वेळेला फणसवाडीत सुखरूप पोचव, पुन्हा जन्मात समाजसेवेचं नाव काढणार नाही!'"

बाकीच्या नऊ जणांनी माना डोलावल्या. माझे ओठ हलत होते, हे मला तरी कुठे ठाऊक!

बाईंनी पेनाला टोपण लावलं.

देवानं मात्र काही हात आखडता घेतला नाही. मी फणसवाडीत सुखरूप पोचलो, आणि समाजसेवेचं नाव बाईंनी मला पुन्हा काढूच दिलं नाही!