आडे ड्रायव्हरचा कायदा

यवतमाळला लागून असलेल्या लोहाऱ्यात, आमच्या गल्लीत रोज सकाळी एका घराच्या खिडकीतून एक हात बाहेर येतो. खाकी बाहीचा, मनगटाला काळा दोरा बांधलेला. हात आडवा झाला की गाडी उजवीकडे वळणार. पंजा वरखाली हलला की गाडी हळू होणार. नवखा माणूस हे बघून दचकतो, पण आमचा भाजीवाला आता सरावला आहे. हात दिसला की तो हातगाडी थांबवतो, आत गेला की पुढे निघतो. भिंतीच्या आत काय चाललंय हे त्याला ठाऊक नाही. ड्रायव्हरनं हात दाखवला तर थांबावं, एवढं त्याला कळतं.

तो हात वसरामकाका आडे यांचा. एसटीचे रिटायर्ड ड्रायव्हर. सारी नोकरी यवतमाळ, पांढरकवडा आणि मधल्या बंजारा तांड्यांच्या, कोलाम पोडांच्या रस्त्यांवर गेली. आता त्यांची बस कॉम्प्युटरमध्ये चालते. फोनवर बोलताना तोंड दिसावं म्हणून पुण्याच्या लेकीनं कॉम्प्युटर पाठवला. काकांनी त्याला प्लास्टिकचं स्टिअरिंग जोडून घेतलं आणि टेबल खिडकीला लावलं. कोपर बाहेर टेकल्याशिवाय आपल्याला गाडी चालवता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. बसताना खाकी शर्ट घालतात. दसऱ्याला त्यांनी स्टिअरिंगला लिंबूमिरची बांधली, पडद्याला झेंडूचा हार घातला आणि टेबलाच्या कोपऱ्यावर नारळ फोडला. पाणी सगळं कीबोर्डात गेलं. गाडी मग बरेच दिवस वर्कशॉपला होती.

मी शेजारी. कचेरीसमोर टेबल टाकून लोकांचे अर्ज अन् प्रतिज्ञापत्रं टाइप करून देतो. दिवसभर दुसऱ्यांच्या तक्रारी ऐकल्यावर घरी कोणी बोलू नये असं मला वाटतं, आणि देवानं शेजारी नेमके आडेकाका दिले. बाहेर निघालो की त्यांचं ठरलेलं वाक्य कानावर येणारच, "आरामात, गजू. गाडी आपली, जीव पब्लिकचा." अरे बाप्पा, मी सायकलवर जातो. माझ्या मागे पब्लिक कुठून येणार?

आणखी एक खोड. मोठ्या रस्त्यावर चहा पिताना हैदराबादकडचा ट्रक दिसला की काका कप खाली ठेवून हात वर करणार. ओळख ना देख. ड्रायव्हर बिचारा गोंधळून हॉर्न देतो. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, आदत हाय. मला वाटलं, असेल. माणसाला कसल्याही सवयी लागतात.

तर कॉम्प्युटरमधल्या त्या शहराचं नाव रंगपूर. पुणे, नागपूर, अमरावतीची पोट्टेपोट्टी आपापल्या घरी बसून त्या शहरात एकत्र राहतात. कुणी पोलीस होतं, कुणी डॉक्टर, कुणी चोर. जे सोंग घेतलं त्याच्यासारखंच वागायचं, बोलायचं, असा नियम. याला ते रोलप्ले म्हणतात. आपल्याकडच्या नाटक मंडळीसारखंच, फक्त प्रेक्षक नाहीत आणि पडदा पडत नाही. काकांनी ड्रायव्हरचं सोंग घेतलं, म्हणजे काहीच घेतलं नाही.

पहिल्याच दिवशी अनर्थ झाला. शहर कुणीतरी परदेशी नमुन्यावरून बनवलेलं, तिथली वाहतूक उजव्या बाजूनं. काका सभ्य माणसासारखी डावीकडून बस घेऊन निघाले आणि समोरून येणाऱ्या साऱ्या रंगपूरला धडकत गेले. पोलिसांनी चालान फाडलं. काका कॉम्प्युटरवरून उठून थेट माझ्याकडे आले.

"सारं गाव उलट्या बाजूनं चालून राह्यलं, अन् चालान मले काहून?"

मी त्यांच्या वतीनं हरकतीचा अर्ज टाइप करून दिला. सवयीनं खाली 'अर्जदारास न्याय मिळावा ही नम्र विनंती' हेही लिहिलं. शहराची महापौर म्हणजे तन्वी, अमरावतीला इंजिनीअरिंग शिकणारी मुलगी. तिला तो अर्ज इतका आवडला की तिनं सांगितलं, आपले वाहतुकीचे कायदे जुनेच आहेत, नवे काका लिहितील, मग सगळे मिळून मत देऊ.

झालं. माझ्या संध्याकाळी गेल्या. काका येरझारा घालत बोलायचे, मी टाइप करायचो. गाड्या डावीकडून चालतील. घाटात ओव्हरटेक नाही. वरात आडवी आली तर हॉर्न न वाजवता थांबावं, नवरदेव एकदाच घोड्यावर बसतो. म्हातारी बाई स्टॉप सोडून कुठंही हात दाखवेल, तरी बस थांबेल. रस्त्यावर बसलेल्या जनावराला उठवू नये, गाडीनं वळसा घ्यावा. रंगपुरात जनावरंच नाहीत, असं तन्वीनं कळवलं. जनावर नसलेल्या रस्त्यावर ड्रायव्हर शिकणार कसा, असं काकांनी उलट विचारलं. त्या गुणी पोरीनं कुठून तरी दोन गाई आणून घाटाच्या वळणावर बसवल्या.

काकू आतून सगळं ऐकायच्या. एकदा चहा देता देता मला म्हणाल्या, इतकी वर्षं गाडी चालवली पण घरात कोण कुठून चालतं ते यायले कधी दिसलं नाही. काकांनी तेही कलम होऊ शकतं का, याचा थोडा वेळ खरोखर विचार केला.

शेवटचं कलम त्यांनी येरझारा थांबवून, बसून सांगितलं. रस्त्यावर कुणी पडलेला दिसला तर पहिल्या गाडीनं थांबावं. इलाज येत नसेल तर करू नये. जवळ बसावं, मदत येईपर्यंत त्याच्याशी बोलत राहावं.

मतदानाला त्यांनी मला शेजारी बसवून घेतलं. बाकीची कलमं हसतखेळत पास झाली, वरातीच्या कलमाला तर टाळ्या पडल्या. या शेवटच्या कलमावर मात्र पोरं अडली. सगळ्यात जोरात बोलला तो चित्ता नावाचा पोरगा, रंगपूरचा नामांकित चोर. त्याचं म्हणणं, मागे पोलीस लागलेले असताना मी थांबू कसा? आणि पडलेल्यानं एक बटण दाबलं की तो दवाखान्यात नवाकोरा उभा राहतो. मग रस्त्यात बसून गप्पा कशाला? खेळाची मजाच जाईल. तसं बघता पोरगं खोटं बोलत नव्हतं.

काका म्हणाले, "बटन दाबाच्या आधी तो तिथं पडून असते न, बेटा."

तन्वीनं या एका कलमाचं मतदान रविवारवर ढकललं. मी घरी आलो, दुसऱ्या दिवशी दुपारी कागद घेऊन पुन्हा गेलो आणि म्हणालो, काका, इतकं छान सगळं पास झालं, हे एक खोडून टाकू. उगाच पोरांशी वाईटपणा कशाला? काकांनी कागद माझ्या हातातून घेतला, घडी केली आणि मांडीवर ठेवला.

मग त्यांनी सांगितलं. त्यांना लेकीच्या आधी एक मुलगा होता, अविनाश. आम्ही या गल्लीत राहायला येण्याच्या कितीतरी आधीची गोष्ट. पांढरकवड्याच्या पुढे हायवेवर त्याची मोटरसायकल उडाली. गाड्या बाजूनं जात राहिल्या. एक ट्रकवाला थांबला, हैदराबादकडचा. त्याला ना मराठी येत होती, ना धड हिंदी. तो पोराचा हात धरून मातीत बसला आणि दवाखान्याची गाडी येईपर्यंत मोडक्यातोडक्या हिंदीत बोलत राहिला. त्याच्या गावाकडं मिरची पिकते म्हणे, तिचा ठसका कसा उडतो, त्याची लहान मुलगी कशी शिंकते. दवाखान्यात अविनाश शुद्धीवर होता तेवढ्या वेळात हे सगळं त्यानंच बापाला सांगितलं.

"मले म्हने, बा, मले एकटं नाई वाटलं." काका खिडकीबाहेर बघत होते. "मंग गेला. त्या मानसाले आमी लय हुडकलं गजू. नाव नाई, नंबर नाई. हात तरी कोनाले जोडू?"

मी म्हणालो, हे पोरांना सांगा, एकही मत विरोधात जाणार नाही. काकांनी नाही म्हणून मान हलवली.

"पोराचं नाव सांगून कायदा पास नाई करत मी. त्यायले पटलं तर ठीक."

पोरांना पटलं नाही. रविवारी कलम पडलं. तन्वीनं चुटपुटत सांगितलं की सक्ती नको, ज्याला वाटेल त्यानं थांबावं. काका बरं म्हणाले. पण त्यांनी कोपर आत घेतलं, आणि पुढचे काही दिवस खिडकीतून हात बाहेर आलाच नाही. भाजीवाल्यानं मला विचारलं, ड्रायव्हरसाहेबांची तब्येत बरी आहे ना? चहाच्या टपरीवर मात्र ट्रक आला की हात वर व्हायचाच. आता मीही कप खाली ठेवायचो.

शेवटी काकूंनीच त्यांना रागावून पुन्हा खुर्चीत बसवलं. घरात दिवसभर माझ्या मागं फिरता, त्यापरीस बस चालवा, म्हणाल्या. मी तिथंच होतो. काका निघाले, घाट चढू लागले, आणि वळणावर बसलेली त्यांचीच गाय समोर आली. कायदा त्यांचाच. हॉर्न वाजवला नाही, वळसा घ्यायला गेले आणि बस दरीच्या बाजूला कलंडली. पडद्यावर खाकी कपड्यातला छोटासा आडे ड्रायव्हर रस्त्यावर उताणा पडला. गाय रवंथ करत राहिली. मला हसू आवरेना. काकाही ओशाळून हसले आणि त्यांनी ते दवाखान्याचं बटण दाबायला बोट पुढे केलं.

तेवढ्यात एक लाल गाडी भरधाव आली, मागे सायरन वाजवत पोलिसांची गाडी. चित्ता कुठंतरी डल्ला मारून पळत होता. लाल गाडी पुढे निघून गेली, थांबली आणि मागे आली. चित्ता उतरला आणि पडलेल्या ड्रायव्हरजवळ मांडी घालून बसला. पोलिसांची गाडी येऊन उभी राहिली, सायरन बंद झाला. पोलीसही उतरला आणि चोराच्या शेजारी बसला.

"काका, बटण दाबू नका," स्पीकरमधून चित्त्याचा आवाज आला. "मी बसलोय इथं. तुमच्या गावाकडं काय पिकतं?"

अविनाशची गोष्ट मी पोरांना सांगितलेली नव्हती. काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. पोरगं वाट बघून स्वतःच बोलायला लागलं. त्याच्या गावाकडं केळी होतात, त्याच्या आजोबांना शुगर आहे तरी ते चोरून खातात. काकांचं बोट बटणावरून मागे आलं. त्यांनी उजवा हात खिडकीतून बाहेर काढला आणि वर केला, टपरीवर करतात तसा, आणि तसाच धरून ठेवला.

बाहेर भाजीवाल्यानं हातगाडी थांबवली.