पेट्या भरणारा दिगंबर

आमच्या खालच्या मजल्यावर राहणारा दिगंबर केदारी बंद खोक्याला हात लावत नसे. लोणावळ्यात राहणाऱ्या माणसाचा असा स्वभाव म्हणजे पंचाईतच. इथून जाणारा प्रत्येक पाहुणा चिक्कीचं खोकं घेऊन जातो आणि येणारा मिठाईचं घेऊन येतो. दिगंबर चिक्कीच्या दुकानात जाई, शेंगदाण्याची पाव किलो मागे आणि खोकं पुढे आलं की म्हणे, "उघडून द्या."

"ताजी आहे, साहेब."

"असेल. उघडून द्या."

मग एका हातात झाकण आणि दुसऱ्या हातात उघडं खोकं धरून तो तुंगार्लीचा चढ चढत येई. घरी पोचेपर्यंत दमट हवेने चिक्कीचा चिकट गोळा झालेला असे.

मी इथल्या शाळेत मराठी शिकवते, त्यामुळे आळीत सगळ्यांचीच 'बाई'. एका दिवाळीला मी त्याला करंज्यांचा डबा दिला. तो दारातच थबकला.

"बाई, आत काय आहे?"

"करंज्या."

"सगळ्या करंज्याच?"

"एकीत साप आहे," मी म्हणाले.

तो हसला नाही. एक पाऊल मागे सरकला आणि झाकण काढायला मलाच लावलं. करंजी हासुद्धा एक बंद डबाच असतो, हे मला त्याने पहिली करंजी मधोमध मोडून सारण निरखलं तेव्हा समजलं.

वय असेल चाळीसच्या आसपास. एकटाच. पुण्यातली मोठ्या पगाराची नोकरी सोडून आलेला. इथे तो घरून कुठल्याशा गोदामाचा हिशोब बघायचा. बोलणं कमी, आवाज मात्र विलक्षण गोड. बातम्या देणाऱ्याचा असतो तसा भरलेला, आर्जवी. 'दूध आलं का?' एवढं विचारलं तरी आपल्याला कुणीतरी फार मान दिला असं वाटे.

त्याचं दुसरं वेड मला पहिल्यासारखं हसण्यावारी नेता आलं नाही.

एका रविवारी आम्ही धरणाच्या बाजूला फिरायला गेलो होतो. धुकं एवढं, की पाणी कुठे संपतं ते कळत नव्हतं. बंदुकीने फुगे फोडायच्या गाडीपाशी मुंबईचा एक गृहस्थ उभा होता. नेम चुकत होता. शेवटी त्याने वैतागून बंदूक ठेवली आणि तो आपल्या मोटारीकडे निघाला. दिगंबर माझ्या कानाशी पुटपुटला, "आता वळेल. दाराला हात लावला की."

गृहस्थाने दाराला हात लावला, क्षणभर थांबला आणि वळला.

"तुला कसं कळलं?"

"शेवटचा फुगा नुसता हलला होता. फुटला असता तर माणूस समाधानाने जातो. साफ चुकला तरी जातो. हलला की वळतो."

त्यानंतर तो असं वरचेवर सांगू लागला. भाजीवालीशी घासाघीस करून निघालेली बाई, भांडून स्टेशनकडे चालता झालेला जावई. "आता वळेल," दिगंबर म्हणे, आणि धुक्यात दिसेनासं झालेलं माणूस खरंच परत दिसू लागे. मला त्याच्याबरोबर फिरायची भीती वाटू लागली. एकदा त्याच्या ओट्यावरून मी निघाले, तर मागून तोच गोड आवाज आला, "बाई, जिन्यापाशी वळाल." मी हट्टाने वळले नाही. जिना चढून घरात येईपर्यंत मान अवघडून गेली होती.

दुसऱ्या दिवशी मी सरळ जाऊन विचारलं, "पुण्यात तू करायचास तरी काय?"

"पेट्या भरायचो."

"कसल्या?"

"मोबाईलवरच्या गेममधल्या. पैसे देऊन पेटी घ्यायची. आत काय आहे ते उघडल्याशिवाय कळत नाही. बहुतेक वेळा फुटकळ काहीतरी निघतं, कधीतरी सोन्याची तलवार. ती कधी निघावी, हे मी ठरवायचो. खेळणारा कंटाळला की त्याचं बोट मंदावतं. आम्हाला ते इकडे दिसतं. उठणार एवढ्यात तलवार."

"अरे, हा जुगार झाला."

"नाही बाई. जुगारात जिंकलेलं घरी नेता येतं. ती तलवार गेममधून बाहेर निघत नाही, म्हणून हा जुगार नाही, असं आमचे वकील सांगायचे." ओट्यावर चढणाऱ्या धुक्यात त्याने पाय आखडून घेतले. "मला ते पटायचं. पगार झाला की जास्तच पटायचं."

श्रावणात त्याची स्कूटर बिघडली आणि त्याला तिकोणा पेठेला, वडिलांकडे जायचं होतं. मी माझ्या गाडीतून सोडते म्हटलं. रस्ता पवना धरणाच्या कडेने होता. भर दुपारी दिवे लावून गाडी चालवावी लागत होती. तिकोणा किल्ला तर ढगाने पुसूनच टाकला होता. घर गावाच्या टोकाला, दार उघडं, ओटीवर कुणी नाही. आम्ही पायरीशी चपला काढत होतो, इतक्यात आतून दिगंबर बोलला.

"थांबा ना. एवढ्यात कुठे निघालात? तुमच्यासाठी एक पेटी ठेवलीय."

दिगंबर माझ्या शेजारी उभा होता. तोंड मिटून.

माझ्या हातातली चप्पल गळून पडली. आतून म्हाताऱ्या माणसाचा आवाज आला, "न्हाई जात रं. हितंच हाय."

"गेमच्या मराठी आवाजाला माणूस मिळत नव्हता," दिगंबर हळूच म्हणाला. "घाई होती. मीच बोललो."

खोलीत त्याचे वडील, आबा, खाटेवर फोन डोळ्यांशी धरून बसले होते. खऱ्या दिगंबरकडे त्यांनी एकदा पाहिलं, मला "या बाई, बसा" म्हणाले आणि पुन्हा फोनकडे वळले. पेटी उघडली. पितळी ढाल निघाली. "वा, राजे," फोनमधला दिगंबर म्हणाला. आबा लाजल्यासारखे हसले.

"तलवारी-बिलवारीचं मला काय करायचंय," ते मला म्हणाले. "पर पेटी उगडली की ह्यो बोलतो. रोज बोलतो. पुण्याला हुता तवा ह्याचा फोन कवा यायचा, तर सणासुदीला. मंग म्या फोनमधल्या ह्यालाच धरलं."

परतताना दिगंबरने उरलेलं सांगितलं. गेम त्यानेच आबांच्या फोनमध्ये घालून दिला होता, बापाला आपलं काम दाखवावं म्हणून. ऑफिसात खेळणाऱ्यांची नावं दिसत नसत, नुसते आकडे. त्यांतला एक आकडा कधीच उठून जात नसे. त्याला किती ओढता येतं, हे बघण्यात सगळ्यांना मजा वाटे. मग गणपतीला घरी आला असताना त्याने ओटीवरून स्वतःचा आवाज ऐकला आणि तो आकडा कुणाचा ते त्याला कळलं. तळेगावच्या कारखान्यातून निवृत्त होताना आबांना मिळालेलं बरंचसं तोवर पेट्यांत गेलं होतं. नोकरी त्याने सोडली, पण गेम काढून टाकतो म्हटल्यावर आबा दोन दिवस जेवले नाहीत.

"मी समोर बसलो तरी ते त्याच्याशीच बोलतात," तो म्हणाला. "मला एवढं गोड बोलता येत नाही, बाई. ते लिहून दिलेलं होतं."

पुढे काही महिन्यांनी कंपनीने गेममधला आवाज बदलला. कुणा मुलीचा घातला. आबांनी तिचं बोलणं एकदा ऐकलं आणि फोन कोनाड्यात उलटा ठेवून दिला. पेट्या आपोआप बंद झाल्या, पण आबांचं बोलणंही बंद झालं. त्याच आठवड्यात दिगंबरने खोली सोडली आणि तो तिकोणा पेठेत आबांकडे राहायला गेला.

मागच्या महिन्यात मी त्यांना भेटायला गेले. हा अबोल माणूस आबांच्या खाटेशी बसून एकसारखा बोलत होता. कांद्याचा भाव, शेजारची म्हैस, सकाळी करपलेली भाकरी. आबा डोळे मिटून ऐकत होते. मधेच "व्हय का?" म्हणत होते.

"इतकं काय बोलत असतोस?" मी विचारलं.

"काहीही. मी थांबलो की ते उठून दारात जातात आणि रस्त्याकडे बघत बसतात. काल विषय संपले, तर एकोणतिसाचा पाढा म्हटला." त्याचा घसा बसला होता. तो जुना गोड आवाज पार खरखरीत झाला होता.

बोलता बोलता आबा घोरायला लागले. दिगंबरचं म्हशीचं पुराण चालूच होतं. मी खुणेने विचारलं, झोपले ना आता? त्याने मान डोलावली आणि आवाज तेवढा हळू केला.