नीर ब्याड

महालिंगप्पा वाळू भाजायचे. फुटाणेवाला फुटाण्यांसाठी तापवतो तशी नव्हे. आप्पांना वाळूच हवी असायची. तीन दगडांची चूल, वर भलीमोठी लोखंडी कढई, कढईत चाळलेली नदीची वाळू आणि समोर उकिडवे बसून उलथन्यानं ती परतणारे आप्पा. मधूनच ते थोडी वाळू मुठीत दाबायचे आणि मूठ उघडून बघायचे. भुरभुर सांडली तर "झाली" म्हणायचे, गोळा राहिला तर पुन्हा कढईत. रस्त्यानं जाणारा एखादा ओरडून विचारायचा, "आप्पा, काय शिजायलंय?"

"औषध," आप्पा मान वर न करता सांगायचे.

बहात्तरच्या दुष्काळानंतर आमच्या भागात सहकारी संस्थांचं पीक आलं. पावसावर अवलंबून नसलेलं ते एकच पीक. भूमच्या बाहेर, माळावर, आमचीही एक संस्था उभी राहिली. मी तिचा सचिव. म्हणजे टेबल, खुर्ची, शिक्का आणि लोकांच्या शिव्या, एवढं माझ्या ताब्यात. आम्ही चंदेरी रंग करायचो. अ‍ॅल्युमिनियमची पावडर पिंपांतून यायची, ती व्हार्निशमध्ये कालवायची की रंग तयार. पत्रे, पिंपं, टाक्या, सगळ्याला चालायचा. पुढं पुन्हा कोरडी सालं आली, पाण्याचे टँकर वाढले, आणि टँकर रंगवायलाही आमचाच रंग लागू लागला. दुष्काळानं गावाचं बुडवलं, आमचं तेवढं तरंगलं.

आप्पा आमचे स्टोअरकीपर. मूळचे सीमेवरच्या मुरुम गावचे, मायबोली कानडी. मुंबईकडच्या कुठल्याशा पावडरीच्या कारखान्यात पंधरा वर्षं काढून परत आलेले. तिथं काय पाहिलं, का सोडलं, हे त्यांनी कधी सांगितलं नाही. फक्त ती पावडर त्यांनी आमच्यासारखी पाहिली नाही. आम्हाला ती पिठासारखी दिसायची, चांदीचं पीठ. आप्पांना ती झोपलेल्या सापासारखी दिसायची.

स्टोअरच्या दारात त्यांचा कायदा चालायचा. चपला बाहेर, कारण चपलेचे खिळे फरशीला घासले की ठिणगी. टेरिकॉटचा सदरा बाहेर, कारण त्यात वीज साठते. दाराशी जमिनीत पुरलेल्या तांब्याच्या तारेला हात लावायचा, मगच आत. झाडू बंद, सांडलेली पावडर ते मऊ कुंच्यानं, लाकडी सुपलीत, श्वास रोखून भरायचे. शिंक आली तर पळत बाहेर. आणि सगळ्या कामावर एकच शब्द: "निधान, निधान." कानडीत त्याचा अर्थ सावकाश. आमचे चेअरमन आबा पहिले सहा महिने समजत होते की हा माणूस पुरलेलं धन शोधतोय.

आबांना सावकाश हा शब्द कुठल्याच भाषेत मान्य नव्हता. जीप थांबायच्या आधी ते खाली उतरायचे. एकदा त्यांनी बोलता बोलता वाळूच्या लाल बादलीत पान थुंकलं. इतर कचेऱ्यांतून त्या बादल्या त्यासाठीच असतात म्हणा. पण आप्पांच्या बादल्यांना लोणच्याच्या बरणीसारखे दादरे बांधलेले असायचे. आबांनी दादरा सोडून थुंकलं होतं. आप्पांनी बादली रिकामी केली आणि शेडपासून दोनशे पावलांवर जाऊन चूल पेटवली. त्या दिवशी मी जवळ जाऊन बसलो.

"आप्पा, एवढं कशाला? नळ न्हाय, पण हौद हाय की. आग लागलीच तर पाणी मारू."

त्यांचं उलथनं थांबलं. "सेक्रेटरीसाहेब, ही आग पाणी पिती. आन् पिऊन उडती. पाणी न्हाय, फुंकर न्हाय, घाई न्हाय. कोरडी वाळू, तीबी हळू. वलसर वाळू घातली तर आपुनच तिला पाणी पाजल्यागत होतंय."

मी चहा मागवला. "ब्याड," ते म्हणाले. म्हणजे नको. तीन वर्षांत मला कानडीचे हे दोनच शब्द आले, निधान आणि ब्याड. कुणाचा चहा नाही, कुणाकडं जेवण नाही. आप्पांची खोली शेडपासून लांब, माळाच्या टोकाला, तिथं एकट्याची चूल. आम्ही त्याला त्यांचं सोवळं समजलो.

तो दिवस वैशाखातला. टँकर दर चौथ्या दिवशी यायचा आणि आमच्याच आवारासमोर उभा राहायचा. बायका सकाळपासून रांगेत. रांगेत सर्वांत पुढं गयाबाई. आमच्याकडंच डबे भरायच्या कामाला होती, शेजारच्या वस्तीवर राहायची, आणि तिच्या तोंडाला आबासुद्धा बिचकायचे.

आवारात आमचं काम चाललं होतं. रंगवायला आलेल्या एका टँकरची पट्टी तुटलेली, ती जोडायला आबांनी वेल्डर आणला. आप्पा धावतच आले.

"इथं न्हाय, आबासाहेब. त्या लिंबाखाली न्या. शेडमंदी परातीत पावडर मोजून ठेवलीय."

"लिंबापतुर वायर पुरत न्हाय."

"मग दम धरा. परात आत नेतो, दार लावतो, मग करा."

"जावा, न्या," आबा म्हणाले, आणि आप्पांची पाठ वळताच वेल्डरला खूण केली.

वारा आमच्याकडून शेडकडं होता. मी कचेरीच्या खिडकीतून पाहत होतो. ठिणग्यांचा एक झुबका उडाला, सरळ शेडच्या उघड्या दारातून आत गेला. आप्पा परातीपासून चार हातांवर होते.

भडका उडाला नाही. हे मला अजून आठवतं आणि अजून अंगावर काटा येतो. परातीतल्या ढिगाच्या कडेला नुसता एक पांढरा डाग दिसला, डोळ्यांना खुपणारा, आणि तो वाळवीसारखा सरकू लागला. आग इतकी लहान होती की सगळ्यांनाच धीर आला. तांब्याभर पाण्यानं विझेल, असं कुणालाही वाटावं. आणि भिंतीपलीकडं, स्टोअरमध्ये, आठ भरलेली पिंपं होती.

"आग! आग!" कुणीतरी ओरडलं.

आणि मग जे झालं त्याला मी आजही चूक म्हणू शकत नाही. ज्या बायकांनी तीन-तीन तास उभं राहून एक-एक घागर भरली होती, त्या बायका भरल्या घागरी घेऊन शेडकडं धावल्या. कुणी सांगितलं नाही, कुणी विचार केला नाही. घरी लेकरं तहानलेली होती आणि त्या पाणी घेऊन आगीकडं पळत होत्या. मीही बाहेर पळालो आणि हौदात बादली बुचकळली.

आप्पा दारात आले. दोन्ही हात पसरलेले, चेहरा पांढरा फटक. त्यांना आयुष्यातलं सगळ्यांत महत्त्वाचं वाक्य बोलायचं होतं आणि भीतीनं त्यांची मराठी पार पळाली होती.

"नीर ब्याड! नीर! नीर ब्याड!"

भजनं ऐकणाऱ्या कुणालाही नीर म्हणजे पाणी हे कळतं. पुढचा शब्द बायकांना ऐकू आला तो 'भ्याड'.

"पाणी मागायलेत गं! आन् आपल्याला भ्याड म्हणायलेत!" गयाबाई ओरडली. "चला गं, दाखवू ह्यास्नी!" आणि रांग दुप्पट जोरानं आली.

मी बादली उचलून दहा पावलं धावलो, आणि चहा आठवला. ब्याड. नको. पाणी नको. माझी बादली हातातून सुटली. "थांबा!" मी ओरडलो. "पाणी नको म्हणतेत ते! थांबा!" पण त्या गलक्यात माझा आवाज मलाच ऐकू येईना.

गयाबाई उंबऱ्याशी पोचली, घागर उचलली, आणि महालिंगप्पांनी, ज्यांनी आयुष्यात कधी मुंगी तुडवली नसेल, त्यांनी त्या भरल्या घागरीला लाथ मारली. घागर आवारात गडगडत गेली. मागच्या तिघींच्याही घागरी धक्क्यानं उलटल्या. ते पाणी भेगाळलेल्या जमिनीत बघता बघता मुरलं. दुष्काळात भरली घागर लाथाडणारा माणूस कुणी पाहिला नव्हता. मग सगळ्या बायका एकदम आप्पांच्या अंगावर गेल्या.

तिकडं शेडच्या बाजूच्या उघड्या खिडकीपाशी वेल्डर उभा होता. आपल्या हातून आग लागली या धास्तीनं बिचाऱ्यानं हातातला प्यायच्या पाण्याचा तांब्या खिडकीतून आत फेकला. बहुतेक पाणी अलीकडंच पडलं. चार थेंब ढिगाला लागले असतील.

बंदुकीसारखा आवाज झाला. पांढरा लोळ आढ्यापर्यंत गेला आणि खिडकीच्या काचा बाहेर आल्या. वेल्डर मागं कोलमडला; जीव वाचला, भुवया गेल्या. आबा जीपच्या आड बसले होते. बायका जिथल्या तिथं उभ्या.

"चार थेंबाला एवढं," गयाबाई हळू म्हणाली. तिनं आपल्या रिकाम्या घागरीकडं पाहिलं.

आता आप्पांना मराठी सापडली. "सगळे मागं. पार लिंबापतुर. वारा येतोय त्या अंगाला ऱ्हावा. आत कुनी यायचं न्हाय. सेक्रेटरीसाहेब, बादल्या दारापतुर द्या. आपटू नका. निधान."

मी एकेक बादली दारात ठेवत होतो. आप्पा वाकून, वारा पाठीशी ठेवून पुढं सरकले. त्या लोळानं थोडी पावडर फरशीवर उडाली होती, तिथंही पांढरे ठिपके जळत होते. त्यांनी वाळू फेकली नाही, एक मूठसुद्धा नाही. लांब दांड्याच्या लाकडी फावड्यानं आधी भोवती कडं घातलं, मग पुरणावर पारी मिटत आणावी तशी कडेकडेनं आत आणत गेले. एकदा वाळू घसरली आणि आतला उजेड फुटला. ते थांबले. मीही श्वास धरून थांबलो. मग पुन्हा तितक्याच सावकाश. बाहेर अख्खं गाव उभं होतं आणि एक माणूस खोकत नव्हता.

अर्ध्या तासानं वाळूचा एक राखाडी ढीग तेवढा राहिला.

आबा पुढं आले. "विझली की. पहार आणा, उकरून बघा, मग पिंपं काढू."

"हात लावायचा न्हाय," आप्पा म्हणाले. आबांशी त्या सुरात कुणी बोललेलं मी ऐकलं नव्हतं. "वरून निजल्यागत दिसती. आत जीव हाय. उकरली की हवा लागंल. उद्या दुपारपतुर मी हितं बसनार. ज्याला उकरायचंय त्यानं आधी मला उकरावं."

आबा जीपकडं गेले. बसण्याआधी वेल्डरला हाताला धरून पुढच्या सीटवर बसवलं आणि दवाखान्यात घेऊन गेले. त्या दिवशी पहिल्यांदा जीप सावकाश गेली.

बायका मात्र हलल्या नव्हत्या. आप्पा बाहेर आले, सरळ गयाबाईसमोर. ती काय बोलणार या धाकानं मीच मधे जायला निघालो. तेवढ्यात आप्पा खाली वाकले आणि त्यांनी तिच्या पायाला हात लावला.

"आवं आप्पा! काय करायलाव? उठा!"

"भरलेल्या घागरीला पाय लावला, अक्का. मला दुसरं काय सुचलं न्हाय."

"उठा म्हनलं न्हवं! घागर गेली तर गेली. मान्सं ऱ्हायली." तिनं पदरानं तोंड पुसलं. "पर आमाला भ्याड कामून म्हनलाव?"

मी अर्थ सांगितला. ती हसायला लागली, मग सगळ्याच हसल्या, आणि हसता हसता दोघी-तिघी रडू लागल्या. उरलेल्या घागरींतलं पाणी त्यांनी तिथंच आपसात वाटून घेतलं.

संध्याकाळी मी निघालो तेव्हा आप्पा दाराबाहेर स्टुलावर, ढिगावर नजर ठेवून बसले होते. गयाबाई फडक्यात भाकरी आणि तांब्यात पाणी घेऊन आली. मला वाटलं, आता ब्याड येणार. आप्पांनी भाकरी घेतली. खाता खाता थांबले.

"निधान-ब्याड सोडलं तर ह्या गावात मी आज पैल्यांदा कानडी बोललो, अक्का. तीन सालांनी. घरची मान्सं होती तवा रोज बोलत व्हतो. आता भ्यालो तवाच तोंडात आली."

"आन् चहा कामून घेत न्हाय कुनाचा?"

"एकदा कुनाकडं बसलो की उद्याबी बसावं वाटतंय," आप्पा म्हणाले. "मग न्हाय बोलावलं तर?"

गयाबाईनं तांब्या त्यांच्यापुढं सरकवला. मग म्हणाली, "जेवलाव का, ह्याला तुमच्यात काय म्हन्त्यात?"

"ऊटा आत?"

"आन् जेवलो, ह्याला?"

"आत."

दुसऱ्या दिवशी दुपारी ढीग थंड झाला, पिंपं वाचली, शेडला नव्या काचा बसल्या. वाळू भाजणं चालूच राहिलं, आता मात्र चाळायला दोन बायका मदतीला असायच्या. आणि रोज दुपारी, डबे भरायचं काम संपलं की, आवाराच्या त्या टोकावरून गयाबाई खणखणीत आवाजात विचारायची,

"आप्पा, उंट आत?"

नवीन माणूस दचकून शेडकडं बघायचा. आतून आप्पांचं उत्तर यायचं, हसू दाबलेलं, पण अगदी सावकाश.

"आत, अक्का. आत."