नाव देता का दाखवता?

खुशालभाऊंच्या हातात लग्नपत्रिका दिली की ते ती आधी आपल्या वहीत उतरवून घेतात आणि मूळ पत्रिका परत करतात. वधुपिता चक्रावतो. खुशालभाऊ उलट त्याच्यावरच डाफरतात, "तुमचा कागद तुमच्यापाशी, माहा माह्यापाशी! उद्या तुमी याच्यावर दुसरंच लिहिलं त मी कोनाच्या लग्नाले जाऊ?"

चंद्रपुरातल्या आमच्या कचेरीत आम्ही दोघं मूल गावाकडच्या राइसमिलांसाठी प्रोग्राम लिहितो. वजनकाट्याचा जुना प्रोग्राम एका भाषेत, भोंग्यावर नाव पुकारणारा नवा दुसऱ्या भाषेत. धानाचं वजन झालं की शेतकऱ्याचं नाव काट्याकडून भोंग्याकडे जातं आणि कांडपाची पाळी आली की भोंगा ते पुकारतो. एवढंच. पण या एवढ्यावरून खुशालभाऊंचं डोकं तीन वर्षं तापलेलं आहे.

आम्ही लिहिलेलं तपासून यंत्राला कळेल असं करून देतो तो कम्पायलर. लोक तो तयार घेतात आणि सुखानं जगतात. या गृहस्थांनी त्याचं पोट फाडून आत आपली भर घातली. एका भाषेतून दुसरीत नाव पाठवताना ते कोणाच्या ताब्यात राहणार हे लिहिलं नाही, तर कम्पायलर अडून बसतो आणि पडद्यावर दटावतो: 'नाव देऊन राह्यला का नुसतं दाखवून राह्यला? सांग पयले!'

यंदा धान यायच्या तोंडावर माझा चांगला चालणारा प्रोग्राम त्यानं चाळीस ठिकाणी अडवला. मिलवाला फोनवर शिव्या घालत होता. माझं टाळकं सरकलं.

"एखादं नाव इकडचं तिकडं झालं त कोनी मरते का, भाऊ?"

"मरत नाई!" ते टेबलावर हात आपटून ओरडले. "बसून राह्यते!"

मग रागारागातच सांगितलं. मिलचं पहिलं काम त्यांचंच. जुन्या प्रोग्राममध्ये नावासाठी एकच जागा होती, शाळेच्या पाटीसारखी. लिहायचं, पुसायचं, पुढचं लिहायचं. भोंग्याच्या प्रोग्रामनं नाव उतरवून घेतलंच नाही, तीच पाटी बघत राहिला. पाळी येईपर्यंत पाटीवर रांगेतल्या मागच्या माणसाचं नाव आलेलं. तो दोनदा पुकारला गेला, आणि त्याच्या पुढची बाई एकदाही नाही.

ती बाई म्हणजे त्यांची आई. मिल बंद होईपर्यंत पोत्यांवर बसून होती.

"हमाल म्हने, बाई, आत जाऊन इचारा. माय गेली नाई. काऊन, त मशीन माह्या पोरानं बनवली, इचारलं त त्याले बोलनं बसन. मले कधी सांगतलंच नाई. तिच्या तेरवीले हमालानं सांगतलं."

भाऊंचा आवाज एकदम खाली आला.

"मी त्या सकाळी तिथीच होतो. खिडकीतून हात दाखवला तिले. मले वाटलं, पोराचं काम पाहून राह्यली. तिनं बी हासून हात दाखवला."