वय साठपेक्षा जास्त असेल तर

निवृत्त मंडळी रोज ऑफिसात येऊन चहा पितात आणि नातवंडांचे धडे छापून नेतात, हे साहेबांच्या डोक्यात गेलं. त्यांनी फर्मान काढलं: साठीपुढची नावं गेटवरच्या यादीतून उडवा. काम आकडेशास्त्र्याकडे आलं. हे त्याचं टोपणनाव. नोकरी अजून कच्ची होती. ती पक्की करणाऱ्या पत्रावर सोमवारी साहेब सही करणार होते.

त्याने प्रोग्रामला एका ओळीत सांगितलं: वय साठपेक्षा जास्त असेल तर नाव काढ. बाराशेतली चारशे नावं गेली. म्हातारे फारच माजले होते, असं म्हणत त्याने यादी गेटवर धाडली.

सोमवारी वॉचमनने त्यालाच अडवलं. "नाव नाही तुमचं."

बाहेर आधीच शंभरेक माणसं तिष्ठत होती. हिशेबनीस बाई तणतणत होत्या. "बत्तीस वर्षांची आहे मी. मला म्हातारी कुणी ठरवलं?"

"गेटच्या यादीसाठी भरलेल्या फॉर्मवर वय लिहिलं होतं का?" त्याने हळूच विचारलं.

"ती चौकट मोकळी सोडली. कुणाला काय करायचंय माझं वय?"

आकडेशास्त्र्याच्या डोक्यात आता उजेड पडला. त्याच्या प्रोग्रामच्या लेखी मोकळी चौकट म्हणजे शून्य नव्हे, जगातल्या कुठल्याही आकड्यापेक्षा मोठी. हे त्याने पुस्तकात वाचलं होतं, वर अधोरेखितही केलं होतं. आणि स्वतःची चौकट त्याने मोकळीच ठेवली होती. आपलं वय आपल्याला ठाऊक असतं, मग लिहायचं कशाला?

तेवढ्यात साहेबांची गाडी अडली. त्यांना वय विचारायची आजवर कुणाची छाती झाली नव्हती.

"कुठल्या गाढवाचं काम हे?"

"गाढवच असणार," आकडेशास्त्री चपलांकडे बघत म्हणाला.

"यादीखाली नंबर आहे, लावतो," वॉचमन म्हणाला.

आकडेशास्त्र्याच्या खिशात फोन वाजू लागला. शंभर माना वळल्या. साहेब म्हणाले, "उचला."

"हॅलो," दोन हातांवरून वॉचमन म्हणाला, "यादीत घोळ आहे. कधी येताय?"

"आलोय."

"मग आत या ना."

"यादीत नाव नाही."

शेवटी त्याने गेटवरच कागद मांडला आणि मान वर न करता एकेकाचं वय लिहून घेतलं. साहेबांनी त्याला बाजूला ओढून कानात आकडा सांगितला. पेन थबकलं, मग चाललं.

वॉचमनने खांद्यावरून डोकावलं. "एकसष्ट? मग यांचं नाव गेलं ते बरोबरच होतं की."

मोकळ्या चौकटींपायी गळलेल्या नावांत साहेबांचं तेवढं नियमात बसत होतं. आणि पत्रावर सही त्यांचीच हवी होती.